दोनास एक, पण कशाने?

२ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी, म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, पुण्याच्या एका मुलीने, रेझिनचे दागिने करून विकणाऱ्या माझ्या भाचीला फोटो पाठवला. तळहातावर गोल पेंडंट, आत दाबून वाळवलेलं गोकर्णाचं फूल, आणि वरच्या काचेसारख्या तुकतुकीत थरावर लहान लहान गोल खळगे, एकाला एक लागून, अगदी ओळीत. फोटोखाली प्रश्न होता, "ही डिझाइनच आहे ना?"

डिझाइन कसली. ते बबल रॅपचे ठसे होते. वस्तू ज्यात गुंडाळून पाठवली, त्याचीच नक्कल तिने अंगावर उठवून घेतली होती.

पाचव्या माळेपर्यंत अशा ११ तक्रारी आल्या. काही ठशांच्या, काही चिकटपणाच्या. इथल्याच, बडोद्यातल्या एका मुलीने पहिल्याच रात्री गरब्याला पेंडंट घातलं होतं. घरी येऊन काढलं तर मागच्या बाजूला तिच्या चोळीच्या कापडाची वीण उमटलेली, उभे-आडवे धागे मोजता यावेत इतकी स्वच्छ, आणि त्यात लाल दोऱ्याचा एक तंतू रुतून बसलेला. तो तंतू पाहिला आणि मी भाचीला फोन करून म्हटलं, मी उद्या येते, तोवर काही फेकू नकोस.

माझा या धंद्याशी संबंध एवढाच की मी तिची मावशी आणि मकरपुऱ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्यात, २६ वर्षं काढलेली बाई. इपॉक्सी प्रायमर हा आमचा रोजचा माल. तरी तोवर मी तिच्या कामात नाक खुपसलं नव्हतं. "मावशी, तुझं ते ड्रमातलं, माझं हे चमच्यातलं," असं ती म्हणायची, आणि दोन वर्षांत तिची एकही वस्तू परत आलेली नसल्यामुळे मला बोलायला तोंडही नव्हतं.

ती अकोट्याला राहते. सयाजीराव विद्यापीठातून बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाली, काही दिवस शाळेत शिकवलं, मुलगा झाल्यावर घरी राहिली आणि फुलं दाबायला लागली. कॉलेजात हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या, शीट करून हात बसलेलाच होता. बहाव्याच्या पाकळ्या, बोगनवेलीची ती कागदी रंगीत पानं जी फुलं नसतातच, कडुनिंबाची पोपटी पालवी, गवताचे तुरे, असं काहीबाही सिलिकॉनच्या साच्यात ठेवून वर रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की काचेसारखं घट्ट होणारं इपॉक्सी, ओतायचं. पेंडंट, कानातले, एखादी अंगठी. दाखवायचं इन्स्टाग्रामवर, बोलायचं व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने, माल कुरिअरने. गिऱ्हाईक निम्मं बडोद्याचं, निम्मं पुण्या-मुंबईचं.

आता पुराबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच वळली. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली. धोक्याची पातळी २६ फूट; पाणी ३५ च्याही वर गेलं. अकोट्यात तळमजले बुडाले, लोक धाब्यावर जाऊन बसले (गच्चीला आम्ही बडोदेकर धाबंच म्हणतो), आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या अंगणात निघाल्या. भाचीचं कपाट तळमजल्यावर. त्यात चार किलो रेझिन, साचे, पेंडंटच्या कड्यांचा डबा, खोकी. पाणी ओसरलं तेव्हा बाटल्या चिखलात सापडल्या. झाकणं घट्ट होती, पण लेबलं सुटून गेलेली, त्यामुळे रेझिन कुठलं आणि हार्डनर कुठला याचा पत्ता नाही. तिने सगळं टाकून दिलं. वासावरून आणि दाटपणावरून मी दोन मिनिटांत सांगितलं असतं, पण त्या दिवसांत माझ्याही घरी चिखलच उपसणं चालू होतं.

नवरात्र महिन्यावर आलेलं. गरब्याच्या दागिन्यांचा बडोद्यात हाच एक हंगाम, आणि ऑर्डरी आधीच घेतलेल्या. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता. तिने गावातल्याच एका दुकानातून दुसऱ्या कंपनीचं रेझिन आणलं, मंगळ बाजारातून नव्या कड्या आणल्या, आणि गणपतीच्या दिवसांत वरच्या खोलीत एसी लावून ६४ पेंडंट ओतली. त्यातली ५८ विकली गेली. ४८० रुपयांना एक, घरपोच.

मी ६ ऑक्टोबरला तिच्याकडे गेले तेव्हा घरात चार जणांची चार मतं तयार होती.

तिच्या नवऱ्याच्या मते दोष कुरिअरवाल्याचा: पार्सलावर वजन ठेवलं असणार. पण घट्ट झालेल्या इपॉक्सीवर नुसतं वजन ठेवून बबल रॅप उमटत नाही, फार तर पेंडंट तडकेल. शिवाय चोळीवाल्या मुलीने तर ते स्वतः घरी येऊन नेलं होतं.

माझी बहीण म्हणत होती, फुलं ओली राहिली. हा संशय सगळ्यांना आधी येतो आणि बहुतेक वेळा खराही असतो. पाकळीत पाणी उरलं तर तिच्याभोवती बारीक बुडबुड्यांची माळ दिसते आणि पंधरा दिवसांत कडा तपकिरी पडायला लागतात. मी भिंगाखाली परत आलेली सहा पेंडंटं पाहिली. बुडबुडे नाहीत, कडा स्वच्छ. फुलं तिने टीपकागदात दाबून, रोज कागद बदलून, वर चार दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवली होती. त्या बाबतीत पोरगी काटेकोर आहे. फुलांकडे बोट दाखवायला जागाच नव्हती.

तिसरं मत तिच्या रेझिनवाल्या मैत्रिणींचं: हवेतला ओलावा. यात थोडं तथ्य होतं. हार्डनर म्हणजे अमाइन, अमोनियाच्या कुळातलं रसायन. दमट हवेत ते वरच्या थरात येऊन पाणी आणि कार्बन डायऑक्साइडशी जमतं आणि मेणचट, धुरकट साय धरते. आमच्या कारखान्यात पावसाळ्यात हे रोजचंच रडगाणं. पण ती साय वरवर असते, कोमट पाण्यात साबण घालून पुसली की जाते. मी पुसून पाहिली. थोडी निघाली, आणि खालचं पेंडंट तरीही नखाने दबत होतं. वरवरचा ओलावा आतपर्यंत मऊपणा आणत नाही.

चौथं मत भाचीचं स्वतःचं, की दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला. ती त्याच्याशी भांडायला निघालीच होती.

मी म्हटलं, आधी मला एक चांगलं पेंडंट दे. पुराच्या आधी ओतलेलं. आणि रिकामा स्टीलचा डबा दे.

जुनं एक, नवीन एक, दोन्ही बबल रॅपमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली, वर वाटी ठेवली, डब्यात थर्मामीटर सोडला, झाकण लावून डबा भर दुपारी धाब्यावर उन्हात. ऑक्टोबरचं ऊन. दीड तासाने आतलं तापमान ४८ अंश होतं. कुरिअरच्या बंद टेम्पोत याहून फार कमी नसणार. डबा उघडला. जुनं पेंडंट जसंच्या तसं. नव्यावर गोल गोल खळगे, पुण्याच्या फोटोतल्यासारखेच.

म्हणजे दोष वस्तूतच होता आणि उन्हाने तो फक्त बाहेर काढला होता. घरच्या तापमानाला जमणारं इपॉक्सी नीट जमलं, तरी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, म्हणून रेझिनचा दागिना बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नये म्हणतात. पण प्रमाण चुकलं की ही हद्द झपाट्याने खाली येते. इथे ती इतकी खाली आली होती की गरबा खेळून तापलेल्या अंगाच्या उष्णतेनेही काम भागलं. आणि भाचीला हे कळलं कसं नाही? ती दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून नख रोवून बघायची. कडक लागायचं. खोलीत एसी होता, २४ अंशांवर.

प्रमाण चुकलं म्हटल्यावर ती रागावली. "मावशी, सोनाराचा काटा आहे माझ्याकडे. दोनास एक. शंभर ग्रॅमला पन्नास. एक ग्रॅम इकडेतिकडे होत नाही."

बरोबर होतं तिचं. काटा मी तपासला, पाच रुपयांची नाणी ठेवून. काटा चोख होता.

मग मी बाटली मागितली. लेबलावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत २:१. आणि त्याच्या खाली, बॅच नंबरच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत "बाय व्हॉल्यूम", म्हणजे मापाने.

तिचं जुनं रेझिनही दोनास एकच होतं. पण वजनाने.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो, त्यांच्यासाठी आम्ही त्या दुपारी काय केलं ते सांगते. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मापाचं टोपण घेतलं. त्यात १० मिली रेझिन घेऊन काट्यावर ठेवलं: साडेअकरा ग्रॅम. टोपण पुसून १० मिली हार्डनर: नऊ ग्रॅम सातशे मिलिग्रॅम. रेझिन जड, हार्डनर पाण्याहूनही किंचित हलका. मापाने दोन टोपणं रेझिन आणि एक टोपण हार्डनर म्हणजे वजनाने २३ ग्रॅमला ९.७. शंभर ग्रॅम रेझिनला हार्डनर हवा होता साधारण ४२ ग्रॅम. ती घालत होती ५०. दर शंभराला आठ ग्रॅम अमाइन जास्तीचं, म्हणजे हवं त्याच्या जवळजवळ एकपंचमांश.

जास्त हार्डनर घातला की लवकर घट्ट होतं, अशी एक समजूत लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसलेली आहे. आमचे पेंटरही तेच करायचे, घाई असली की हार्डनरचा एक वगराळं जास्त. पॉलिएस्टरच्या फायबरग्लासमध्ये कॅटॅलिस्ट वाढवला की ते लवकर जमतं, तिथून ही समजूत इकडे आली असावी. इपॉक्सीत हार्डनर हा नुसता घाई करणारा नाही, तो जोडीदार आहे. रेझिनच्या प्रत्येक टोकाला त्याचं एक टोक लागतं. जोडीदार जास्त झाले तर उरलेले मोकळे राहतात, जाळं अर्धवट विणलं जातं, आणि मोकळं अमाइन हळूहळू वर येत राहतं. तेच चिकटत होतं.

हे सगळं मी वहीत मांडत असताना भाची गप्प बसून गोकर्णाकडे बघत होती. मग म्हणाली, "मला तेव्हाच दिसलं होतं गं. निळा रंग हिरवट आला होता यावेळी. मला वाटलं पावसाळी फूल आहे."

गोकर्णाचा निळा रंग हा जिवंत लिटमस आहे. त्याच्या काढ्यात लिंबू पिळा, जांभळा होतो. खायचा सोडा टाका, हिरवट. अमाइन अल्कलीच. ६४ पेंडंटांतलं गोकर्णाचं प्रत्येक फूल तीन आठवडे सांगत होतं की इथे अल्कली जास्त झालंय, आणि ज्या घरात हे सांगत होतं तिथली बाई बॉटनीची पदवीधर. मी तिला हसले नाही. मी स्वतः लॅबमध्ये याहून मोठी फजिती केलेली आहे.

आणखी एक खूण होती. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघत होती. हातमोजे फाटले की ती तशीच काम करायची. त्यावर मात्र मी बोलले. इपॉक्सीची आणि अमाइनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर पाठ सोडत नाही. मग नुसत्या वाफेनेही पापण्या सुजतात. आमच्या कारखान्यात एका चांगल्या माणसाला त्यापायी खातं बदलावं लागलं होतं. नायट्राइलचे हातमोजे, फाटले की लगेच दुसरे, आणि घासकाम पाण्याखाली, म्हणजे धूळ उडत नाही.

कारण सापडलं. खरा वाद त्यानंतर झाला.

तक्रारी ११. माल ५८. भाचीचं म्हणणं, तक्रार करणाऱ्यांचे पैसे देऊ. नवऱ्याचं म्हणणं, तेवढंही नको, पानावर स्वच्छ लिहिलंय की हाताने बनवलेली वस्तू परत घेतली जाणार नाही. या ओळीला काही अर्थ नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, मग तो हाताने केलेला असो की पायाने. ते दोघांनीही मान्य केलं. पण उरलेल्या ४७ जणींचं काय? "त्या खुश आहेत मावशी. त्यांना उगाच कशाला जागं करायचं?"

मला हा प्रश्न पैशांचा वाटत नव्हता. वस्तू कुरूप दिसते म्हणून परत मागवायची असती तर मीही म्हटलं असतं, ज्यांना चालतंय त्यांना चालू दे. पण ही गळ्यात घालायची वस्तू. घामात, नऊ रात्री, कातडीला लागून, आणि तिच्यातून मोकळं अमाइन बाहेर येतंय. दोघींनी मानेवर लाली आल्याचं लिहिलंही होतं. ती त्यामुळेच आली असं मी छातीठोक सांगणार नाही, नवरात्रात घामोळंही येतं. पण शंका असताना गप्प बसणं मला जमलं नसतं. मी एवढंच विचारलं, "यातलं एक तू तुझ्या आईच्या गळ्यात घालशील का?" आई समोरच बसली होती. त्यानंतर वाद संपला, पण भाची रात्रभर झोपली नाही, कारण पाठवायचं कुणाला हेच कळत नव्हतं.

ती कुठे बॅच नंबर लिहीत होती! १० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरच्या दरम्यान जुना वाचलेला माल आणि नवा माल एकत्रच गेला होता. वहीत नाव, रंग, रक्कम, बस. शेवटी कडीने वाचवलं. जुन्या कड्यांचा डबा पुरात गेला होता ना. जुन्या सगळ्या कड्या चांदीच्या रंगाच्या, मंगळ बाजारातल्या नव्या मात्र सोन्यासारख्या पिवळट. म्हणजे पिवळी कडी, तर वाईट माल. तिने त्या काळातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच निरोप पाठवला. तो मी तिच्याकडून दोनदा लिहून घेतला, कारण पहिल्या खर्ड्यात पूर, हंगाम, मुलाचा ताप, सगळं आलं होतं आणि मुद्दा सातव्या ओळीत. दुसरा असा होता:

"नमस्कार. तुमच्या पेंडंटची कडी पिवळी असेल तर कृपया ते घालू नका. रेझिन मिसळताना माझ्याकडून प्रमाण चुकलं आहे, ते नीट जमलेलं नाही आणि त्वचेला त्रास होऊ शकतो. परत पाठवण्याचा खर्च माझा. पैसे आजच परत करते. कडी चांदीच्या रंगाची असेल तर काळजी नाही."

४६ पेंडंटं परत आली. सात जणींनी लिहिलं की पाठवायची दगदग नको, आम्हीच टाकून देतो. त्यांचेही पैसे दिले. पाच जणींचं उत्तर आलं नाही. ५३ जणींचे २५,४४० रुपये, परतीच्या टपालाचे २,७६० वेगळे. तिचा जीएसटी नंबर असल्यामुळे प्रत्येक परताव्याची क्रेडिट नोट करावी लागली, खोट्या दागिन्यांवरचा ३ टक्के कर वळता करून घेण्यासाठी. ते काम नवऱ्याने केलं, न कुरकुरता, हे नोंदवायला हवं. हंगामाचा नफा त्यात गेला. दिवाळीला तिने नवं काही विकलं नाही.

परत आलेला माल दुरुस्त करता येईल का, हे तिने शंभरदा विचारलं. ओव्हनमध्ये तापवून? प्रमाण बरोबर असतं आणि जमायचं थोडं राहिलं असतं तर उष्णतेने फायदा झाला असता. इथे जोडीला टोकच उरलेलं नव्हतं, कितीही तापवा. वरून यूव्ही रेझिनचा पातळ थर देऊन दिव्याखाली धरलं तर? वरून चकाकेल, आतून मऊच राहील, आणि पुढच्या मे महिन्यात वरचा थर तडकेल. ४६ आणि न विकलेली सहा, सगळी टाकली. टाकण्यापूर्वी तिने गोकर्णाचं एक ठेवलं आणि लेबलाच्या कात्रणासोबत कामाच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवलं.

दुकानदाराशी भांडण झालं नाही. मी त्याच्याकडे गेले होते. त्याने खांदे उडवले, "बेन, लेबल पर तो लिखा है." लिहिलेलं होतंच. मुंगीएवढं का होईना.

आता ती नवी बाटली आली की आधी मापाच्या टोपणात दहा-दहा मिली घेऊन वजन करते, आणि त्यावरून काढलेला आकडा बाटलीवर मार्करने लिहिते. प्रत्येक ओतकामातून एक जास्तीचं बटण ओतते. ते बबल रॅपमध्ये गुंडाळून डब्यात, डबा धाब्यावर. बटणावर ठसा उठला तर ती बॅच घराबाहेर जात नाही. वहीत तारीख, बाटली, हवेतला ओलावा आणि कडीचा रंग. कडीचा रंग ती मुद्दाम दर बॅचला बदलते. गिऱ्हाइकांना ती फॅशन वाटते.

उत्तर न आलेल्या पाचांपैकी चौघींचा नाद तिने सोडला. पाचवी ठाण्याची. तिच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत ते पेंडंट गळ्यात आहे, हिरवट गोकर्ण, पिवळी कडी, मोठं केलं की स्पष्ट दिसतं. भाचीने तिला तीन निरोप पाठवले. तिन्हींवर निळ्या खुणा आल्या. परवा संक्रांतीला चौथा पाठवला, तिळगुळाच्या शुभेच्छांच्या खाली.